दर सात मिनिटांनी तथास्तु

कल्याणच्या घराला चार भिंती होत्या, सहा चाकं होती आणि ते दर सात मिनिटांनी फुस्स करत होतं.

भिंती आणि चाकं त्याने स्वतः सांभाळून जुळवली होती. फुस्स कुठून आलं, हे शोधायला मात्र त्याच्याकडे दुपारच्या चारपर्यंतच वेळ होता.

घर म्हणजे बस. लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारून थकलेली एक लक्झरी गाडी भंगारात जाता जाता कल्याणने अडवली, हसनाबादला आणून शेताच्या कडेला उभी केली आणि दीड वर्ष खपून तिच्यात दोन पलंग, ओटा, संडास, एसी आणि घडी होणारं टेबल बसवलं. पहिले सहा महिने गाव म्हणालं, पोरगं येडं झालं. पुढचे सहा महिने गाव येऊन संडास बघून गेलं. शेवटी कुणाकडेही पाहुणे आले की त्यांना राजूरचा गणपती आणि कल्याणची बस या दोन गोष्टी दाखवायच्या, अशी पद्धतच पडली.

त्याचे वडील रामराव तेवढे शांत होते. ते बसमध्ये एकदाच चढले, एसीखाली उभे राहिले, हात वर करून गारवा तपासला आणि म्हणाले, "अळ्यांसाठी लई बराबर हाय."

रामरावांची दोन एकर तुती होती आणि रेशमाच्या अळ्यांवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. पोटच्या पोरापेक्षा थोडा जास्तच, कारण अळ्या उलट बोलत नाहीत. बापलेकांत करार झाला होता. यंदाच्या पोळ्यापर्यंत बसला पहिलं गिऱ्हाईक मिळालं तर बस कल्याणची. नाही मिळालं तर पलंग बाहेर, अळ्या आत. पोळा परवावर आला होता. रामरावांनी ट्रेची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

आणि गिऱ्हाईक मिळालं होतं. जवळजवळ.

जालन्याच्या चांदमल शेठच्या आई सायरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. राजस्थानात मेडत्याजवळ त्यांचं माहेर. पाठीच्या दुखण्यामुळे चौदा वर्षांत जाणं झालं नव्हतं. गाडीत बसवत नाही, रेल्वेच्या बर्थवर वळवत नाही, आणि विमानात आडवं पडू देत नाहीत, हे त्यांनी नातवाला, म्हणजे नमनला, स्वतः चौकशी करायला लावून खात्री करून घेतलं होतं. कल्याणच्या बसची बातमी कानावर आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. दुपारी चारला येईन. पलंगावर पडेन. झोप लागली तर बस माझी, न्हाई लागली तर रामराम.

म्हणजे दीड वर्षाची मेहनत आता एका म्हातारीच्या वामकुक्षीवर येऊन ठेपली होती. आणि त्या पलंगाच्या बरोबर खाली कंप्रेसर होता.

या बसच्या चाकांजवळ लोखंडी पाट्यांऐवजी हवेने फुगवलेले रबरी बलून होते. बस उभी असतानाही ते भरलेले लागतात, नाहीतर घर एका अंगाला कलतं आणि टेबलावरचा चहा न पिताच संपतो. म्हणून कल्याणने विजेवर चालणारा एक छोटा कंप्रेसर बसवला होता. टाकीतली हवा कमी झाली की तो आपोआप सुरू होई, मिनिटभर घर्रर्र करी, टाकी भरली की शेवटी पाण्याची वाफ बाहेर टाकत फुस्स करून गप्प बसे. दिवसातून एकदोनदा. एवढंच अपेक्षित होतं.

काल संध्याकाळपासून मात्र दर सात मिनिटांनी घर्रर्र, फुस्स. घर्रर्र, फुस्स. म्हणजे हवा कुठूनतरी पळत होती.

सकाळी सहालाच कल्याण साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन बसखाली शिरला. हवा गळत असेल तिथे फेसाचा बुडबुडा येतो, ही विद्या पंक्चरवाल्यापासून विमानवाल्यापर्यंत सगळ्यांची एकच. त्याने एकेक जोड फेसाने माखला. एकही बुडबुडा नाही. भांडी घासायचा अख्खा साबण संपला, बसची खालची बाजू चकचकीत झाली, आणि वरून आवाज आला. फुस्स.

त्यासरशी बाहेर कुणीतरी म्हणालं, "तथास्तु!"

कल्याणने बसखालून मान बाहेर काढली. समोर पंधरा-वीस जोडी पाय होते.

"काय झालं?" त्याने पायांना विचारलं.

"म्हशीला रेडी झाली!" शेजारच्या सोनूबाई आनंदाने जवळजवळ किंचाळल्या. "काल दिवेलागणीला मी तुझ्या मायला म्हणून राह्यली होती, बाई, औंदा रेडी व्हावी. अन् तेवढ्यात आतून आवाज! फुस्स! पहाटं बघते तर रेडी! पांढऱ्या कपाळाची!"

"मावशी, तो कंप्रेसर आहे."

"कोण का असंना. आवाज तर दिला."

मग कल्याणची आई झुंबरबाई पुढे आली आणि तिने ते समजावून सांगितलं. काल सकाळी बसची वास्तुशांत झाली होती. कल्याण त्या वेळी जालन्याला नमनला आमंत्रण द्यायला आणि पडदे आणायला गेला होता. तसाही तो बिनलग्नाचा, पूजेला जोडीने आईबापच बसले. आता, घरातला वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु म्हणत असतो, म्हणून घरात वाईट बोलू नये, हे लहानपणापासून कुणी ऐकलेलं नाही?

"आतापर्यंत तो मनातल्या मनात म्हणायचा," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज अभिमानाने भरून आला होता. "आपला मोठ्यानं म्हणतो."

दहा वाजेपर्यंत पायांच्या चाळीस जोड्या झाल्या. रांगेची व्यवस्था कचरूने घेतली. कचरू ग्रामपंचायतीच्या नळाचा माणूस. पाणी सोडायच्या वेळा सांभाळून सांभाळून त्याला घड्याळाची नजर होती. त्याने वहीची पानं फाडून नंबर वाटले आणि मोबाईलवर सात मिनिटांचा गजर लावला.

"नंबर चार, पुढे या! घर्रर्र सुरू झालं की मागायला लागा. फुस्सच्या आधी संपलं पाहिजे. मागचा इतिहास सांगू नका!"

नंबर सहाने ऐकलं नाही. त्याने भावाशी बांधाचं भांडण कसं सुरू झालं तिथपासून आरंभ केला, आणि तो "पण भाऊ म्हणतो, मी काही ऐकणार न्हाई" एवढ्यावर आला तेव्हाच फुस्स झालं. तो मटकन खाली बसला. "हे नका धरू, हे त्याचं वाक्य आहे!" तो बसच्या टायरला हात जोडून विनवू लागला. कचरूने त्याला माणुसकी म्हणून एक्केचाळीस नंबर दिला.

नंबर नऊने शेजारच्या मंगल कार्यालयाचा डीजे जळून जावा असं मागितलं. झुंबरबाईने त्याला रांगेतून काढलं. अर्ध्या तासाने खरंच डीजे जळाल्याची बातमी आली. नंतर कळलं की तो गेल्या महिन्यातच जळाला होता, पण तोपर्यंत रांग रस्त्याला लागली होती.

कल्याण घामाने आणि साबणाने निथळत घड्याळाकडे बघत होता. अकरा वाजता घर्रर्रमधलं अंतर सात मिनिटांचं सहा झालं. साडेअकराला पाच. भोक मोठं होत होतं.

"देव खुश हाय!" कचरू गजराची वेळ बदलत ओरडला. "जल्दी जल्दी देऊन राह्यला!"

आता कल्याणने डोकं वापरलं, जे खरं तर त्याने साबणाच्या आधी वापरायला हवं होतं. टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक नळीला त्याने स्वतःच एकेक कॉक बसवला होता. त्याने दरवाजाचा कॉक बंद केला आणि हवेच्या काट्याकडे बघत बसला. काटा खाली सरकत राहिला. पुढच्या चाकांचे दोन्ही बंद केले. काटा सरकतच राहिला. मागचा उजवा. तरी तेच. मागचा डावा बंद केला.

काटा थांबला.

कल्याणने श्वास धरला. एक मिनिट. दोन. काटा जागचा हलला नाही. त्याने आनंदाने एवढी मोठी आरोळी ठोकली की नंबर तेराला वाटलं, आपलं मागणं आतूनच मंजूर झालं.

मागची डावी नळी! कॉक तसाच बंद ठेवला तर तिकडचा बलून बसणार आणि पलंगच कलणार, म्हणून भोकच शोधायला हवं होतं. पण तिच्या दोन्ही टोकांना तर फेस लावून झाला होता. म्हणजे मधे कुठेतरी. मधे ती नळी बसच्या जमिनीत, प्लायवूड आणि खालचा पत्रा यांच्या पोटातून जात होती. कल्याण धावत आत गेला, मागच्या पलंगाखाली वाकला आणि तिथेच थबकला.

कोपऱ्यात नव्या चटईवर हळद, कुंकू, अक्षता आणि मधोमध सिमेंटचं एक ताजं, गोल, ताटलीएवढं ठिगळ.

"बबलू!"

धाकटा भाऊ बबलू वायरमन होता. बसची सगळी वायरिंग त्याची. तो दारात आला आणि ठिगळाकडे न बघता छताकडे बघू लागला.

"हे काय आहे?"

"वास्तुपुरुष."

"खाली?"

"मंग? वास्तुपुरुष आग्नेयेला जमिनीत पुरावा लागतो. उपडा. गुरुजींनी सांगितलं. बस पश्चिमेला तोंड करून उभी, मंग आग्नेय म्हणजे हाच कोपरा."

"खड्डा कशाने केला?"

"ड्रिलने."

"ड्रिलने!"

"मंग काय, कुदळीने करू?" बबलू दुखावला. "चांगला गोल केलाय. गुरुजीसुद्धा म्हणाले, असा गोल खड्डा बिल्डरच्या बंगल्यातही पाहिला न्हाई."

"अन् ड्रिल खाली गेली तेव्हा काही आवाज आला?"

बबलूचा चेहरा उजळला. "आल्ता ना! बारीक, शीळ घातल्यासारखा. गुरुजी म्हणाले, वास्तू जागी झाली. मायने लगेच पाच दिवे ओवाळले. वरून सिमेंट टाकलं तसा कमी झाला."

कल्याण खाली बसला. त्याच्या घराचा वास्तुपुरुष त्याच्याच घराच्या हवेच्या नळीवर पालथा पडून होता, आणि सुईएवढं भोक सिमेंटच्या आडून सकाळपासून मोठं होत होतं. साडेबारा वाजले होते. त्याने छिन्नी उचलली.

"खबरदार!" दारात झुंबरबाई उभी होती. मागे सोनूबाई, कचरू आणि नंबर चौदा ते वीस. "पुरलेला वास्तुपुरुष उकरायचा नसतो. घर मोडल्यावानी होतं."

"माय, चार वाजता त्या आजी झोपायला येणार आहेत. डोक्याखाली दर चार मिनिटांनी हे. झोप लागंल का?"

"त्यांना म्हणावं, मागून घ्या की झोप. फुस्स झालं की लागंल."

रामराव बाहेरून खिडकीतून डोकावले, कोपरा पाहिला, छिन्नी पाहिली. "राहू दे," ते शांतपणे म्हणाले. "अळ्यांना आवाजाचं काही न्हाई."

हे ऐकल्यावर कल्याणच्या डोक्यात वीज चमकली. म्हणजे खरंच चमकली. तो उठला तेव्हा त्याचं डोकं पलंगाच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. पण त्याच क्षणी त्याला सुचलं.

"माय, वास्तुपुरुष आग्नेयेलाच पाहिजे ना?"

"आग्नेयेलाच."

"बिलकुल?"

"बिलकुल."

कल्याण ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने इंजिन सुरू केलं. रांग ओरडत बाजूला झाली. त्याने बस पुढे घेतली, मागे घेतली, परत पुढे घेतली, तुतीच्या कडेने वळवली, आणि पाच मिनिटांत, पश्चिमेला तोंड असलेलं घर पूर्वेला तोंड करून उभं केलं.

"आता सांग," तो आत येऊन म्हणाला. "हा कोपरा कोणता?"

झुंबरबाईने उजवा हात पुढे केला, डावा हात पुढे केला, सूर्य बघितला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई. वायव्य."

गुरुजींना फोन लागला. स्पीकर सुरू झाला. चाळीस माणसं कान देऊन उभी राहिली.

"वायव्येला?" गुरुजी तिकडून म्हणाले. "अहो, ती वायूची दिशा! वास्तुपुरुष वायव्येला पडला तर हवा सरणारच!"

हवा आग्नेयेपासूनच सरत होती, हे कुणी काढलं नाही. कल्याणने तर मुळीच नाही.

"मंग काढू का?" झुंबरबाईने विचारलं.

"काढू का म्हणजे? ताबडतोब काढा! क्षमा मागून, पाण्याचा हात लावून. अन् पुन्हा पुरू नका. तुमचं घर रोज वळणार. एका डब्यात ठेवा, तांदळात. जिथे मुक्काम पडेल तिथे आग्नेय बघून डबा त्या कोपऱ्यात न्या. चालत्या गाडीत दोष न्हाई."

छिन्नी आता झुंबरबाईनेच मागून घेतली आणि कल्याणच्या हातात दिली.

पण रांग हलेना. "माझा नंबर तेवीस आहे," कचरू म्हणाला. त्याने वहीचं पान पुढे केलं. "सकाळपासून दुसऱ्यांचं वाजवून राह्यलो. माझं काय?"

कल्याणने घड्याळ बघितलं. पावणेदोन. नळी कापायची तर आधी टाकीतली सगळी हवा सोडावी लागणार होती. सगळी. त्याने कचरूकडे बघितलं आणि पुन्हा त्याला सुचलं. आज दिवसच तसा होता.

"ऐका!" तो पायरीवर उभा राहून ओरडला. "आता शेवटचं तथास्तु. सगळ्यांना एकदम. बारीक न्हाई, पुरं मिनिटभर चालंल. ज्याला जे मागायचं ते मागून घ्या. मागच्या इतिहासासकट!"

नंबर सहाने टोपी हवेत फेकली.

कल्याणने सगळ्या नळ्यांचे कॉक उघडले, बसच्या कडेला बाहेरच आडवा झाला, टाकीच्या कॉकची दोरी धरली आणि ओढली.

फुस्सस्सस्स! धूळ उडाली, कोंबड्या पळाल्या, सोनूबाईची नवी रेडी जन्मात पहिल्यांदा धावली. आणि त्या आवाजावर चाळीस माणसं जिवाच्या आकांताने मागू लागली. मोसंबीला भाव, नात्यात सोयरीक, गुडघा, नोकरी, बांध, दुसरी रेडी. कचरू डोळे मिटून एकच शब्द परत परत म्हणत होता. तो कोणता ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. टाकी आणि बलून रिकामे होत गेले तसं अख्खं घर हळूहळू खाली बसू लागलं, आधी मागून, मग पुढून, जसा एखादा जाडा माणूस देवापुढे गुडघे टेकतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोरी धरून पडलेल्या कल्याणला समोर एक ओळखीची चप्पल दिसली. अंगठ्याला तारेने शिवलेली. रामरावांची. ते गर्दीपासून बाजूला, टाकीच्या अगदी जवळ उभे होते, आणि आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलत होते.

"पोराची गाडी चालू दे."

फुस्स संपलं. चप्पल दोन पावलं मागे सरकली. "ट्रे ठेवायला जागा मात्र चांगली निघंल," रामराव मोठ्याने म्हणाले.

कल्याणच्या डोळ्यांत धूळ गेली होती. बरीच गेली होती.

मग सगळं भराभर झालं. सिमेंट फुटलं. बोटभर लांबीचा तांब्याचा वास्तुपुरुष, कुणाबद्दल काहीही तक्रार नसलेल्या चेहऱ्याने, तांदळाच्या डब्यात गेला. खाली काळी नळी, तिच्यावर ड्रिलचा चावा. कल्याणने तेवढा तुकडा कापला, दोन टोकं पितळी जोडात बसवून आवळली. बबलूने इंजिन सुरू करून टाकी भरली. घर पुन्हा उठून उभं राहिलं. साबण संपला होता म्हणून झुंबरबाईने स्वतःचा शाम्पू आणला. जोडावर फेस पसरला. चार डोकी एकावर एक वाकली.

बुडबुडा नाही.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. चाराला दहा कमी. सायरबाईंना वेळेआधी पोचायची सवय होती.

नमनने त्यांना धरून आणलं. त्यांनी गर्दी पाहिली, नंबरांची पानं पाहिली. "यहाँ काय चाललंय, कल्याण बेटा? रेशनचं दुकान काढलं काय?"

"न्हाई, माँजी. तुम्हाला बघायला आलेत."

"मला? मी तर झोपायला आली."

त्या पलंगावर आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेतला. कल्याणने दार लोटलं. बाहेर चाळीस माणसं उन्हात उभी, एकही बोलेना. सकाळपासून त्यांनी त्या फुस्सची वाट पाहिली होती, आता ते होऊ नये म्हणून श्वास धरून होती. कचरूने मोबाईल उंच धरला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून.

चार मिनिटं. नाही.

सात मिनिटं. नाही.

अकराव्या मिनिटाला आतून घर्रर्र आलं. झुंबरबाईने डोळे मिटले. पण नमनने कान टवकारला आणि हसला.

"हे दादीजींचं आहे," तो कुजबुजला. "घरीही असंच असतं."

घोरणं चांगलं तासभर चाललं. कंप्रेसर त्यापुढे काहीच नव्हता. मग ते थांबलं, दार आतून उघडलं, आणि सायरबाई केस सारखे करत पायरीवर आल्या. समोरच्या तुतीकडे त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"मेडता आलं काय?"

"दादीजी, आपण हसनाबादलाच आहोत."

सायरबाईंनी एकदा नमनकडे बघितलं, एकदा कल्याणकडे. "मंग उभे काहून आहात? इतकी झोप फुकट घालवू काय? एक चक्कर तर मारा. मला जायचं आहे."

कल्याणने उडी मारून सीट गाठली आणि हँडब्रेक सोडला. हवेच्या गाडीचा हँडब्रेक सुटतो तेव्हा आवाज होतोच. तो बिघाड नाही, तसाच असतो.

फुस्स!

"तथास्तु!" चाळीस गळे एकदम गर्जले. सोनूबाईने रेडीला मिठी मारली.

बस हलली तशी कुणीतरी धावत येऊन मागच्या दाराने आत चढलं. कल्याणने आरशात बघितलं. रामराव, मांडीवर तांदळाचा डबा, हातात मोबाईलवरचं होकायंत्र.

"आण्णा, तुम्ही कुठं?"

"मेडत्याला," रामराव डबा सावरत म्हणाले. "दर मुक्कामाला ह्याला आग्नेयेला कोण नेणार? ह्यातलं तुला काही कळत न्हाई. अन् एसी जरा वाढव, बबलू चार ट्रे पलंगाखाली ठेवून राह्यला."